उंबऱ्यावरचं वजन

मी पत्रकं लिहिते. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली, स्टेशनबाहेर घाईतल्या माणसाच्या हातात कोंबलेली आणि शेवटी वडापाव ठेवायला वापरली जाणारी पत्रकं. त्याचं मला वाईट वाटत नाही. वडापाव खाताना माणूस एका जागी उभा असतो आणि समोर जे छापलेलं असेल ते वाचतो.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं सहसा निवृत्त असतात. मी अजून तिशीही गाठलेली नाही. मी लवकर निवृत्त व्हावं असं वाटणारे लोक आहेत, त्यात काही बिल्डर आहेत आणि माझी आई आहे, पण ते असो. लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. पत्रकाचा एक नियम मला अगदी सुरुवातीला शिकवला गेला: शेवटी मागणी हवी, आणि ती एकच हवी. नाला रुंद करा. तिवरं तोडणं थांबवा. कागद उलटला की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, ह्यांना काय पाहिजे ते. खाली जी हकिकत सांगणार आहे तिचं पत्रक मी अनेकदा लिहायला घेतलं आणि दर वेळी मागणीपाशी येऊन अडले. इथे मागणीची सक्ती नाही, म्हणून इथे.

आधी काम काय ते सांगते. आमची छोटी संस्था पश्चिम उपनगरांतल्या खाडीकाठच्या वस्त्यांसाठी भांडते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत समुद्र जिथे जिथे आत शिरतो तिथे त्याच्या काठावर कुणीतरी राहत असतं, आणि त्या कुणाला तरी उठवून तिथे काहीतरी उंच बांधायची दुसऱ्या कुणाला तरी घाई असते. आम्ही मधे उभे राहतो. मधे उभं राहायचं तर पाणी कुठवर येतं हे दाखवावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सगळ्यात मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. ते ओसरलं की आम्ही लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन फिरतो आणि भिंतीवर जिथे ओल थांबली असेल तिथे रेघ मारतो. नकाशावरची भरतीची रेषा साहेबांच्या टेबलावर हवी तशी सरकते. भिंतीवरची कुणी सरकवून दाखवावी.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. मुंबईत उधाणाचं पाणी दिवसातून दोनदा येतं, एकदा मध्यरात्रीच्या सुमारास आणि एकदा भर दुपारी, बाराच्या पुढेमागे. रात्रीचं झोपेत येऊन जातं. दुपारचं डोळ्यांदेखत येतं. वर पांढरं ऊन असतं, वारा पडलेला असतो, रस्त्यावर रिक्षा चालू असतात, आणि गटाराच्या जाळीतून पाणी उलटं वर यायला लागतं. आवाज न करता. पाण्याच्या आधी निवट्या येतात, चिखलातले ते डोळे वर आलेले मासे. पायऱ्यांवर उड्या मारत चढतात आणि थांबून मागे बघतात. भुताखेतांच्या गोष्टी लोक रात्रीच्याच का सांगतात कोण जाणे. त्यांनी खाडीकाठची दुपार बघितलेली नसावी.

आता इमारतींबद्दल. खाडीकाठी बांधणाऱ्यांना हल्ली एक नवीन भाषा सापडली आहे. त्यांची इमारत पाण्याला प्रतिसाद देते, पाण्याशी संवाद साधते. गुळगुळीत कागदावरच्या चित्रात बाल्कन्या लाटांसारख्या वळलेल्या असतात आणि खाली पाण्याकाठी एक गोरी बाई कुत्रा फिरवत असते. पाण्याकाठी आधीपासून राहणारं माणूस त्या चित्रात कुठेही नसतं. चारकोपच्या पलीकडे असा एक टॉवर आहे. मधल्या मजल्यांवर त्याला आरपार मोठी चौकट ठेवली आहे, समुद्रावरचा वारा अडू नये म्हणून. कल्पना वाईट नाही, दिसते तर झकास. फक्त वारा एका विशिष्ट बाजूने आला की ती चौकट घुमते. कुणीतरी घसा साफ करून हाक मारायच्या बेतात असावं असा आवाज. आणि हाक काही येत नाही.

त्या टॉवरमधल्या एका बाईंनी मला बोलावून घेतलं. आवाजाविरुद्ध पत्रक काढा म्हणाल्या. मी सांगितलं की तुमची इमारत उभी आहे तिथे कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवत, आणि ती जागा गेली तेव्हा आम्ही पत्रकं वाटून वाटून दमलो. त्या म्हणाल्या, मग आम्हाला तेव्हा सांगायचं ना. चहा मात्र चांगला होता. निघताना त्या लिफ्टपर्यंत आल्या आणि आवाज खाली करून विचारलं, "तिथून कुणी होडीनं गेलेलं, आणि आलं नाही, असं काही आहे का हो?"

मी नाही म्हणाले. तेव्हा चांगुणाबायशी माझी ओळख नव्हती.

त्या टॉवरच्या बरोब्बर समोर, खाडीच्या अलीकडच्या काठावर एक जुना कोळीवाडा आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं की दलाल पोचतात. तिथल्या पाण्यालगतच्या एका रांगेतली घरं दर पावसाळ्यात बुडायची. तेवढं कारण पुरलं. वस्ती धोकादायक आहे, सगळ्यांना चेंबूरकडच्या उंच इमारतींत हलवा, असं ठरायला आलं होतं. मासेवाल्या बायकांनी सातव्या मजल्यावर बोंबील कुठे वाळत घालायचे ते कुणी सांगत नव्हतं. आम्ही भांडलो, मोर्चे काढले, आणि शेवटी एक सवलत पदरात पडली: ती एक रांग नमुना म्हणून नव्याने बांधा. उधाणाच्या दिवशी पाहणी होईल. घरं कोरडी राहिली तर बाकीचा कोळीवाडाही तसाच बांधता येईल. नाही राहिली तर चेंबूर.

घरांचा आराखडा काढायला मिहीर आला. आर्किटेक्ट, माझ्याच वयाचा, मुलुंडचा. मुलुंडलाही खाडी आहे, पण तिथे लोक दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातात, असं मी त्याला चिडवायचे. तो चिडायचा नाही. पहिल्या बैठकीला तो लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे खाडीकडची दारं बुजवायची आणि रस्त्याकडून ये-जा ठेवायची. बायकांनी त्याला लॅपटॉप मिटायला सांगितला.

मग त्यांनी आपल्याला काय पाहिजे ते सांगितलं. मागची ओसरी सगळ्या घरांना मिळून एकच हवी, मधे भिंती नकोत, कारण जाळी विणणं आणि मासळी साफ करणं एकत्र चालतं. नळ खाडीकडच्या दाराशी हवा, आणि तोही आतल्या बाजूला. मिहीरने नकाशात तो बागेसारखा बाहेर दाखवला होता. हसल्या त्या. पाण्यावरून आलेला पुरुष उंबऱ्यावर येऊन थांबतो, आणि घरची बाई आतून त्याच्या पायांवर गोडं पाणी घालते. मग तो आत येतो. तोपर्यंत तो बोलत नाही, त्याच्याशीही कुणी बोलत नाही. आईने घालून चालत नाही, बायको असेल तर बायकोनेच.

आणि दार. खाडीकडचं दार बुजवायचं नाही, कारण घरातली होडी पाण्यावर असेपर्यंत ते घरच्या माणसाने हाताने लावायचंच नसतं. होडी आली की मग लावायचं.

हे शेवटचं सांगितलं ते चांगुणाबायने. सत्तरीच्या आसपासची, हाडकुळी, नाकात अजून जुनी नथनी. तिचा एकुलता मुलगा, काशिनाथ, बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला गेला तो परत आला नाही. होडीही सापडली नाही. तेव्हापासून तिच्या जुन्या घराचं ते दार उघडंच होतं. पावसात उघडं, उधाणात उघडं. घरात पाणी यायचं, माळ्यावर बसून राहायच्या दोघी, ती आणि तिची सून.

मिहीरने ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या बैठकीला तो एक खेळण्यातल्यासारखं छोटं घर घेऊन आला आणि ते परातीत ठेवून परातीत पाणी ओतलं. त्याची युक्ती अशी: नेहमीचं लाकडी दार राहू दे, उघडं राहिलं तरी चालेल. उंबऱ्याच्या जागी जमिनीत एक झडप, आतून पोकळ, कमरेएवढ्या उंचीची, आडवी झोपलेली. तिच्यापुढे चर. चरात पाणी भरलं की झडप तरंगून उभी राहते आणि वाट बंद. पाणी ओसरलं की पुन्हा झोपते. वीज नको, मोटर नको, माणूस नको. "पाणी आपलं आपण दार लावून घेतं," तो म्हणाला.

चांगुणाबायने विचारलं, "न् त्या टायमाला उंबऱ्यावर मानूस उभा असला तं? तो भायरच ऱ्हायचा?"

"नाही आजी. एका माणसाचं वजन पुरे, झडप उठणारच नाही. तो आत आला की मगच उठेल."

हा प्रश्न खरं तर आमच्यापैकी कुणीतरी विचारायला हवा होता. बायका खूश झाल्या. घरी परतणारा कुणी पाण्यात अडकून राहणार नाही, एवढी अक्कल असलेली इमारत त्यांनी पाहिली नव्हती. मी तर त्यावर पूर्ण पान लिहिलं. समोरचा टॉवर पाण्याशी संवाद साधतो म्हणे. आमची झडप माणूस ओळखते, असं.

चांगुणाबाय मात्र परातीकडे बघत होती. मग म्हणाली, "आपल्या हातान् नाय लावायचा. पान्यान् लावला तं लावू दे. पान्याला ठाव हाय, कोन आत न् कोन भायर."

तिची सून सुगंधा माझ्या शेजारी बसली होती. कांदिवलीच्या बाजारात मासे विकणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. हातभर हिरव्या बांगड्या. काढल्या तर सासू जेवत नाही, आणि घातल्या तर बाजारात बायका तोंडावर पदर घेऊन हसतात. ती माझ्या कानाशी म्हणाली, "लागू दे गं एकदाचं ते दार. मला तरी कळेल मी कोण आहे ते."

घरं उभी राहिली. पांढरी भिंत, वर लाकडी माळे, खाडीकडे एका ओळीत दारं. देखणी झाली होती. दुसऱ्यांच्या देखण्या इमारतींना शिव्या घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं झालं.

पाहणीच्या आधी आम्हाला दोन उधाणं मिळाली, स्वतः तपासून बघायला. पहिल्याच्या दिवशी मी आणि मिहीर बाजूच्या बांधावर उभे होतो. ऊन डोळ्यांत जात होतं. निवट्या आल्या, बांधावर चढल्या. मग चरांत पाणी दिसायला लागलं, आणि टोकाच्या घराची झडप सावकाश उठून उभी राहिली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. झोपलेली माणसं हाक न मारता एकामागून एक उठून बसावीत, तसं ते दिसत होतं. मिहीरने माझा दंड धरला होता. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच राहिले.

चांगुणाबायची झडप उठली नव्हती.

पाणी तिच्या उंबऱ्याशी आलं आणि आत शिरलं. ओसरी सलग, त्यामुळे ते सगळ्यांच्या घरात गेलं. नव्या लाद्या, नवे गालिचे, सगळ्याची वाट लागली. पाणी उतरल्यावर मिहीर चरात आडवा पडून बघत होता. बिजागरी साफ, रबर साफ, चिखल नाही, गंज नाही. पंप लावून चर भरला तर झडप अगदी सहज उठली. पुन्हा भरला, पुन्हा उठली. "असं होऊच शकत नाही यार," तो म्हणाला. "तिच्यावर वजन असल्याशिवाय ती बसून राहूच शकत नाही."

हे वाक्य शेजारच्या हरेशने ऐकलं. हरेश रांगेतला सगळ्यात मोठा बोलघेवडा, आमच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे असलेला. त्याने दुसऱ्या दिवशी सगळीकडे सांगितलं की म्हातारीने झडपेवर पाटा ठेवला. तिला दार लागायला नकोच आहे. एका मेलेल्या माणसापायी जिवंत माणसं चेंबूरला जाणार. "मेलेला" हा शब्द त्या आळीत तोपर्यंत कुणी उच्चारला नव्हता.

मी चांगुणाबायवर विश्वास ठेवला, असं लिहायला आवडलं असतं. मी एक पत्रक काढलं: उंबऱ्यावर जड वस्तू ठेवू नका. प्रत्येक दारावर चिकटवलं, म्हणजे ते एकाच दारासाठी आहे हे कळू नये. सगळ्यांना कळलं. चांगुणाबायला वाचता येत नाही, तिने सुगंधाकडून वाचून घेतलं आणि मला म्हणाली, "माझ्या घरान् पाटा पन नाय गो पोरी. मिक्सर हाय."

दुसऱ्या उधाणाला हरेशने तिला बांधावर आणून सगळ्यांच्या समोर खुर्चीत बसवलं. घर रिकामं. मी उंबऱ्यावर हात फिरवून पाहिला, मिहीरने पाहिला, हरेशने पाहिला. काही नव्हतं. समोरचा टॉवर घुमायला लागला होता. पाणी आलं, झडपा उठल्या, आणि ती एक तशीच राहिली. रिकाम्या घराच्या रिकाम्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं. हरेश खाली बघत होता. चांगुणाबाय खुर्चीतून उठली आणि घराकडे बघून नुसती मान हलवली, ओळखीचं माणूस लांबून दिसल्यावर हलवावी तशी.

त्या संध्याकाळी ती मला आणि मिहीरला म्हणाली, "तू बोललास ना, मानूस उभा असला का उठत नाय. तं मंग. उभा हाय."

मिहीर काहीतरी बोलायला गेला. पाण्याचा दाब, चराचा उतार. मी त्याला गप्प केलं. मी स्वतः ह्या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. पण मला एवढं दिसत होतं की झडपेबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते सगळं त्या बाईने आमच्याकडूनच घेतलं होतं आणि त्यात आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं.

सुगंधा भांडी घासत होती. चांगुणाबायने तिच्याकडे बघून सांगितलं की तो आत येत नाही कारण त्याला पाणी मिळालेलं नाही. मी घातलं, ती म्हणाली, पहिल्या उधाणाच्या आदल्या दिवशी घातलं, चालत नाही, आईचं चालत नाही. सुगंधाने पातेलं आपटलं. एवढी वर्षं दुसऱ्यांचे मासे कापून हिला खाऊ घालतेय, ती मला उद्देशून म्हणाली, आता रिकाम्या जमिनीचे पाय धुऊ? पाणी घातलं म्हणजे तो तिथे आहे असं मी म्हटल्यासारखं होईल. आणि तो तिथे असेल, तर इतकी वर्षं मी कुणाची वाट न बघता जगले, त्याचं काय?

मी तिने घासलेली भांडी पुसायला घेतली.

पाहणीचा दिवस अमावास्येचा आला. साहेब लोक छत्र्या घेऊन बांधावर उभे होते, उन्हासाठी. मिहीर त्यांच्याजवळ होता. रांगेतल्या बाकी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण चांगुणाबायने घर सोडायला साफ नकार दिला आणि सुगंधा तिला एकटं सोडेना. म्हणून मीही आत बसले. काही गडबड झाली तर दोघींना माळ्यावर चढवायचं, एवढंच माझं काम होतं.

आम्ही तिघी उंबऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. दार उघडं. बाहेर नुसता उजेड. तिवरांची पानं हलत नव्हती. एक चिंबोरी दाराच्या चौकटीवरून वर चढली, आत डोकावली आणि आली तशी मागे गेली. मग चरात पाणी आलेलं दिसलं. डावीकडून झडपा उठल्याचे मऊ आवाज यायला लागले, रबर भिंतीला टेकल्याचे. टोकाचं घर, मग पुढचं, मग हरेशचं.

आमच्या समोरची झडप थरथरली. तिची डावी कड बोटभर उचलली गेली आणि पुन्हा टेकली. मग उजवी कड उचलली गेली आणि टेकली. थोड्या वेळाने पुन्हा डावी. मी बघत राहिले. मला ते कुठेतरी बघितल्यासारखं वाटत होतं, आणि मग आठवलं. बराच वेळ ताटकळत उभा राहिलेला माणूस पाय बदलतो ना, तसं.

पाण्याचा पातळ पापुद्रा उंबऱ्यावरून आत आला आणि लाद्यांच्या फटींतून ओसरीकडे सरकायला लागला. बाहेरून हरेशचा आवाज आला, "गेलं, गेलं सगळं." चांगुणाबायने सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

सुगंधा उठली. रागाने उठली, हे मी खात्रीने सांगते. नळाखाली कळशी धरली, भरेपर्यंत थांबली, आणि ती घेऊन उंबऱ्यापाशी गेली. तिच्या तळपायांखाली खारं पाणी होतं. ती समोरच्या मोकळ्या उजेडाकडे बघून बोलली, आणि बाजारात गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात बोलली.

"एवढी वर्षं उभं राहायला कुणी सांगितलं होतं? ये आत."

तिने कळशी ओतली. पाणी झडपेवर पडलं आणि सपाट न वाहता दोन ठिकाणी वळसा घेऊन वाहिलं. पाय घसरू नयेत म्हणून झडपेवर उठाव ठेवलेले आहेत, त्यामुळे असेल, असं मिहीर नंतर म्हणाला. असेल.

मग सुगंधा बाजूला सरकली. उंबऱ्यावरून कुणाला वाट द्यायला सरकावं, तशी. तिने ते मुद्दाम केलं की सवयीने, मी तिला कधी विचारलं नाही.

आणि झडप उठली. काहीही न अडकता, एका दमात, बाकीच्यांसारखी. रबर टेकलं. आत आलेलं पाणी लादीवर तिथल्या तिथे थांबलं. थोड्या वेळाने झडपेवरून पलीकडची चढलेली खाडी दिसत होती, आमच्या गुडघ्यांपेक्षा उंच, आणि आम्ही तिच्या खालच्या पातळीवर जवळजवळ कोरड्या उभ्या होतो. बांधावर टाळ्या वाजल्या.

बाकीचं सगळं पत्रकात आलेलं आहे. रांग मंजूर झाली. आता पुढच्या रांगेचा पाया खणतायत आणि त्या कामातल्या दिरंगाईबद्दल मी वेगळं पत्रक काढलं आहे, ते कुणाला हवं असल्यास माझ्याकडे गठ्ठा आहे. मिहीरने झडप पुन्हा उघडून तपासली, त्याला काहीही सापडलं नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक उधाणाला ती वेळेवर उठते. तो आता दुसऱ्या खाडीवर तशाच घरांचे आराखडे काढतोय. नळ आतच ठेवलाय. टॉवरमधल्या बाईंनी फ्लॅट विकला, असं ऐकते. आवाज अजून येतो का, ते मला माहीत नाही, मी त्या बाजूला गेले नाही.

पत्रकात आलं नाही ते एवढंच.

टाळ्या बाहेर चालू असताना चांगुणाबाय उठली. लाकडी दाराची दोन्ही कवाडं तिने ओढून घेतली. नवीन घर, ते दार कधी लागलंच नव्हतं, कडीवरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. तिने ते दातांनी फाडलं आणि कडी घातली, स्वतःच्या हाताने. घरात अंधार झाला. खाऱ्या पाण्याचा वास आला, आणि ओल्या सुताचा, नुकतं ओढून आणलेल्या जाळ्याला येतो तसा. त्या घरात आता जाळं नाही.

चांगुणाबाय भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या महिन्यांत तिला असं पाय पसरून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"सुगंधा," ती म्हणाली, "ताटा घे गो. भूक लागली असंल."

सुगंधाच्या बांगड्या वाजल्या, फडताळाचं दार वाजलं. ती एकामागून एक ताटं काढून जमिनीवर मांडत होती, मला आवाज येत होता. मी कडीकडे बघत बसले होते. ती किती ताटं मांडतेय, ते बघायला मी मान वळवली नाही.